गोठ्यामागची जीप मोडीत घालण्याआधी



रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याला, चहाच्या टपरीसमोर आठ-दहा जुन्या जीपगाड्या ओळीने उभ्या दिसल्या, तर कुठे प्रचाराची सभा आहे असे समजू नका. ही हौशी मंडळी असतात. कुणी पुण्याचा, कुणी कोल्हापूरचा, कुणी सांगली-साताऱ्याकडचा. शर्यत नाही, बक्षीस नाही. बॉनेट उघडायची, एकमेकांचे इंजिन बघायचे, कुठला सुटा भाग कुठे मिळाला ते सांगायचे आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचे. आपण बैलबाजारात खोंडाचे दात, खांदा नि शिंगे बघतो ना, तशी ही माणसे गाडीची जाळी, दिवे आणि रिंगा बघतात.

आता तुम्ही म्हणाल, शहरातल्या हौसेचे आम्हाला काय? तर सांगायचे ते हेच, की या हौसेचा माल आपल्याकडे पडून आहे. आज्याने घेतलेली जीप, जिच्यावर आज कोंबड्या बसतात, तिच्या शोधात लोक वाड्यावस्त्यांवर येऊ लागले आहेत. भंगारवाला ती किलोवर मागतो, मधला दलाल त्याहून थोडे जास्त देतो आणि खरी पारख असलेला माणूस आपल्या दारापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून व्यवहार करण्याआधी आपल्याकडे काय आहे ते नीट समजून घ्या.

जीप मुळात शेतासाठीसुद्धा होती

जीप जन्मली लढाईसाठी. अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. लढाई संपत आली तेव्हा विलीज कंपनीने १९४५ साली नागरी जीप बाजारात आणली आणि तिची जाहिरात केली ती शेतकऱ्यांसाठी! मागे उघडणारी फळी होती, औजार ओढायची सोय होती, आणि ज्याला हवा त्याला पीटीओसुद्धा जोडून मिळे. म्हणजे आज ट्रॅक्टरला जे आपण गृहीत धरतो, ते त्या जीपला ऐंशी वर्षांपूर्वी होते.

आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे ती इथेच बनू लागली. साखर कारखाना, दूध संघ, पंचायत समिती, पाटबंधारे खाते, सगळीकडे तीच दिसे. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या गावात डॉक्टर तिच्यातून आले, मतपेट्या तिच्यातून गेल्या. लिलावात निघालेल्या अशा कितीतरी गाड्या शेतकऱ्यांनी घेतल्या. आज गोठ्यामागे उभी आहे ती बहुधा त्यातलीच.

जुन्या गाडीचे प्रेम आपल्या भागाला नवीन नाही. कोल्हापुरात राजाराम महाराजांची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार दसऱ्याला बाहेर निघते, तेव्हा दसरा चौकात ती बघायला खेड्यापाड्यांतून माणसे येतात. गाडी जपली तर ती गावाची ओळख होते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आपली गाडी ओळखा

पुढे उभे राहून जाळीतल्या उभ्या फटी मोजा. दाबीव पत्र्याची जाळी, नऊ फटी आणि दिवे आत बसलेले असतील, तर लढाईच्या नमुन्याची गाडी असण्याची शक्यता आहे. सात फटी आणि दिवे मोठे, पुढे आलेले असतील, तर नागरी नमुना. बॉनेट ठेंगणे की उंच, तेही बघा. १९५३ च्या सुमारास आलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच आहे. कारण तिच्या इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. आपल्याकडे जास्त दिसते ती हीच.

मात्र जाळी बदललेली असू शकते, बॉनेट दुसऱ्या गाडीचे असू शकते. म्हणून शेवटचा पुरावा चासीवर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर. तो घासून काढू नका, वेल्डिंग तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा, वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा.

पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांनी जुने इंजिन काढून डिझेलचे बसवले. त्या वेळी ते शहाणपणाचेच होते. पण काढलेले इंजिन, कार्बोरेटर, मीटर, जुन्या रिंगा माळ्यावर किंवा विहिरीच्या खोलीत पडल्या असतील तर त्या गाडीबरोबरच राहू द्या. हौशी माणसाला पूर्ण गाडीपेक्षा कधी कधी तेवढेच हवे असते.

आणि एक आमच्या खात्याच्या अनुभवातली गोष्ट. जीपच्या हौदात युरियाची पोती ठेवू नका. खत हवेतली ओल ओढून घेते, आणि खताच्या पाण्याने पत्रा व चासी आतून खाल्ली जाते. गोठ्यातल्या मुताच्या अमोनियाने रेडिएटरचे पितळ आणि वायरीतले तांबे खराब होते. गाडी गोठ्यापासून हलवा, खाली ठोकळे देऊन टायर जमिनीवरून उचला, वरून झाका पण खालून वारा खेळू द्या. एवढ्याला खर्च नाही.

लोखंडाच्या आधी कागद

बंधूंनो, खरी अडचण इथे आहे. गाडी आज्याच्या नावावर, आजा वारला, वडिलांनी नाव बदलले नाही आणि आरसी बुक ट्रंकेत कुठेतरी. कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मुदत उलटली असेल तरी हात बांधून बसू नका. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि आरसी घेऊन कार्यालयात जा. सातबाऱ्यावरची वारसनोंद आपण धरून करतो, तसेच हे समजा.

गाडी विकली तर नमुना २९ आणि ३० भरल्याशिवाय चावी देऊ नका. 'नंतर करू' म्हणणाऱ्याला सांगा, आधी करू. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, की गाडी कितीही जणांच्या हातून गेली असली, तरी अपघात झाल्यास दप्तरी ज्याचे नाव मालक म्हणून आहे त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे गाडी दुसऱ्याची, चूक तिसऱ्याची आणि नोटीस तुमच्या दारात! भंगारात दिली तरी हेच. गाडी तोडली म्हणून नोंदणी आपोआप रद्द होत नाही. ती रद्द करून घ्यावी लागते.

पन्नाशीपुढची गाडी

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या, जतन करण्याजोग्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार, आणि नोंदणी १० वर्षे चालते. नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरे मिळतात.

पण नीट वाचा. अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. चारा आणायला, भाडे मारायला नाही. ज्याची जीप अजून शेतात राबते त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

'१५ वर्षे झाली, आता सरकार गाडी उचलून नेणार' अशी भीतीही दलाल घालतात. खासगी गाडीला महाराष्ट्रात तसे नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करता येते. फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीचा नियम दिल्लीच्या भागापुरता आहे. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या गाड्यांची गोष्ट मात्र वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या अशा गाड्यांचे नूतनीकरण बंद झाले आहे. ग्रामपंचायतीच्या आवारात जुनी गाडी उभी असेल तर हे लक्षात ठेवा.

गावाने काय बघावे

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांच्यासाठी दोन शब्द. हौशी मंडळी गावच्या माळावर मेळावा भरवू म्हणाली तर नाही म्हणायचे कारण नाही. चार पैसे गावात येतील, बचत गटाची भाकरी-पिठले खपेल. पण तोंडी बोलण्यावर जाऊ नका. गायरान असेल तर रीतसर परवानगी, जागेची हद्द, गाड्यांची संख्या आणि नुकसानीची भरपाई कागदावर घ्या. वनजमीन असेल तर वनखात्याच्या परवानगीविना चाक आत जाता कामा नये. कासच्या पठारासारख्या पातळ मातीच्या सड्यावर एकदा पडलेली चाकोरी लवकर बुजत नाही.

पावसात ओल्या काळ्या रानातून जड गाडी गेली की माती दडपली जाते, तिथे मुळी आत शिरत नाही, पाणी मुरत नाही. बांधावरून गाडी चढवली की पहिल्याच मोठ्या पावसात तो बांध तिथेच फुटतो. म्हणून चिखलात गाडी घालायची हौस असेल तर ती ठरवून दिलेल्या पडीक जागेतच. इंजिनाचे जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ सांडू देऊ नका.

गावातल्या पोरांनाही सांगा. नवी थार घेऊन डांबरी रस्त्यावर शर्यत लावणे ही हौस नव्हे, गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्याच वेळी ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. सायलेन्सर फोडून गुरे उधळवण्यात कसली आली मर्दुमकी? गाडीची हौस खरी असेल, तर एखादे बंद पडलेले इंजिन स्वतःच्या हाताने चालू करून दाखवा. ज्याला हे काम साधले त्याला तालुक्याच्या गावी चार पैशांचा धंदाही उभा करता येईल, कारण जुन्या जीपचा जाणता मिस्त्री आता शोधून सापडत नाही.

तेव्हा येत्या रविवारी एवढे करा. कोंबड्या हुसकावा, बॉनेट उघडा, नंबर वाचा आणि ट्रंकेतले आरसी बुक काढून त्याच्याशी जुळवून पाहा. ठेवायची की विकायची, हा तुमचा प्रश्न. पण विकलीत तर जीप म्हणून विका, लोखंड म्हणून नको.