परक्याचे दुःख

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर हा परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव प्राणांस मुकले.

किल्लारीच्या उत्तरेस परभणी जिल्ह्यात पाथरी हे तालुक्याचे गाव आहे. पाथरीत काय किंवा दूर मुंबईत काय, ज्यांनी किल्लारी कधी पाहिली नव्हती, त्यांना मृतांचा आकडा वाचावयास मिळाला. परंतु आकड्याला चेहरा नसतो. तो वृत्तपत्रांतील छायाचित्रांनी दिला.

हजारांचे दुःख कल्पनेत मावत नाही. एका मातेचे मावते. लेकरू गमावलेल्या त्या मातेच्या जागी पाहणाऱ्याला स्वतःची आई दिसते आणि परकेपणा गळून पडतो. भूकंपानंतर देशातून व परदेशांतून मदतीचा ओघ सुरू झाला, त्यात या चित्रांचाही वाटा होता.

तथापि छायाचित्र एकच क्षण दाखविते. घरे का पडली, वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हे ते सांगत नाही. शिवाय ज्याचे दुःख टिपले जाते, त्याची अनुमती बहुधा कोणी घेतलेली नसते. म्हणून अशा चित्राकडे आदराने पाहावे व त्यामागील हकीकत जाणून घ्यावी. डोळ्यांत आलेले पाणी लवकर सुकते. पुढे केलेला हात मात्र पडलेले घर पुन्हा उभे करतो.