सुटीच्या पिशवीत कोणती कादंबरी?

शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळला आलेल्या कुटुंबाचे यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरक्षनाथांचे मंदिर दीड दिवसात पाहून होते. मग हाती उरतो तो निवांत वेळ. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरांची डोंगरावरची संध्याकाळ तर फारच लांबते. दुकान आणि खातेवही दूर राहिलेली असते. व्यापारी घराला असा सलग अवकाश वर्षातून एखाद्या वेळीच लाभतो. तो कादंबरीला द्यावा, यावर घरात सहसा एकमत होते. वाद होतो तो कोणत्या कादंबरीला, यावर. नातीच्या हाती खुनाची रहस्यकथा दिसली की आजोबांच्या कपाळावर आठी उमटते.

ही आठी निराधार नव्हे. जैन परंपरेने विकथेपासून दूर राहण्यास सांगितले आहे आणि हिंसा करणे, करविणे याबरोबरच तिचे अनुमोदन करणे हाही दोष मानला आहे. तथापि याच परंपरेने कथेवर अपार प्रेम केले. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींची प्राकृत ‘समराइच्चकहा’ ही तर नऊ जन्म चाललेल्या सूडाची कथा आहे. राजपुत्र गुणसेन कुरूप अग्निशर्म्याची थट्टा करतो; अग्निशर्मा तापस होऊन महिन्या-महिन्याचे उपवास करू लागतो. पुढे राजा झालेला गुणसेन पश्चात्तापाने त्याला पारण्याचे निमंत्रण देतो, पण राजवाड्यातील कुठल्या ना कुठल्या धांदलीत तीनदा तापस उपाशीच परततो. मग सूडाचा संकल्प होतो. उत्कंठेत ही कथा आजच्या कोणत्याही थ्रिलरला हार जाणारी नाही. फरक इतकाच की आचार्यांची नजर वारावर नाही, वैर मनात कसे रुजते यावर आहे.

रहस्यकथा निवडतानाही हीच कसोटी लावता येते. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार व काळापहाड घराघरांत पोहोचले. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची 2005 सालची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी खुनी कोण हे आरंभीच सांगून टाकते. पुढची पाने व्यापतो तो शेजारच्या गणित शिक्षकाने रचलेला बचाव आणि त्याची चढत जाणारी किंमत. अशा पुस्तकात हिंसेचे कौतुक होत नाही. उलट दर दहा पानांनी नवे प्रेत आणि त्याचे रंगवून केलेले वर्णन, एवढ्यावरच उभे असलेले पुस्तक आजोबांनी नाकारले तर नातीने फार हळहळू नये.

आणि व्यापारी घराने एकच जपानी कादंबरी वाचायची असेल, तर ती जुनिचिरो तानिझाकी यांची ‘द माकिओका सिस्टर्स’ असावी. ओसाकातील एक जुने, नावाजलेले व्यापारी घराणे. पेढी हातची गेली आहे, प्रतिष्ठेचा ताठा मात्र शाबूत आहे. चार बहिणींपैकी तिसऱ्या युकिकोचे वय तिशीला पोहोचले तरी लग्न ठरत नाही आणि ते ठरेपर्यंत धाकट्या ताएकोने थांबायचे. मध्यस्थ येतात, दोन्हीकडून गुपचूप चौकशा होतात, क्षुल्लक कारणाने स्थळ मोडते. देश तेवढा परका वाटतो. बायोडाटा, पत्रिका आणि ‘लोक काय म्हणतील’ यांत अडकलेल्या आपल्याकडील घरांना बाकी सारे ओळखीचे वाटेल. 1943 मध्ये हिचे क्रमशः प्रकाशन सुरू होताच लष्करी अधिकाऱ्यांनी ते थांबविले. युद्धकाळात असला घरगुती मजकूर त्यांना अनाठायी वाटला. पुस्तक पूर्ण छापले गेले ते युद्धानंतर. एडवर्ड सायडनस्टिकर यांचा इंग्रजी अनुवाद 1957 सालचा आहे.

पुस्तक जाडजूड आहे, घटना संथ आहेत. दोन दिवसांच्या सहलीत ते संपणार नाही. परंतु पहिली पन्नास पाने तलावाकाठी मोठ्याने वाचून, त्यांचा अर्थ मराठीत सांगत गेले, तर घरातील लग्नाळू मुलीला जे थेट बोलता येत नाही ते युकिकोच्या निमित्ताने बोलता येईल. आणि आजोबांनाही ते ऐकता येईल.