अधिवेशनाची बॅग

नागपूर करार 1953 चा. त्याच्यामुळेच दर डिसेंबरात सरकार अधिवेशनासाठी मुंबईहून नागपूरला, आमच्या जरा जवळ, येतं. जवळ म्हणजे एटापल्लीकडून अख्ख्या दिवसाच्या एसटीवर. ग्रामसभेचं निवेदन घेऊन निघायचं ठरलं की आमच्याकडे आधी फाईल भरली जाते, कपडे मागाहून. ठराव, सह्या-अंगठ्यांची यादी, सामूहिक वनहक्काचा दावा, प्रत्येकाच्या झेरॉक्स. मेंढा-लेखा गावाला हा हक्क मिळाला 2009 मध्ये. ज्यांचं घोडं अजून अडलंय त्यांना ही वारी चुकत नाही. दाव्याच्या नकाशाची घडी मात्र घालायची नाही. कागद घडीवरच फाटतो आणि नेमकी शिवेची रेघ जाते. तो गुंडाळून पाण्याच्या पाइपच्या तुकड्यात सरकवायचा आणि दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबायच्या.

कपड्यांचे सरळ दोन भाग. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाचे ट्रक आणि त्यांची लाल धूळ. एसटीची खिडकी लागेलच याची खात्री नाही. म्हणून प्रवासाला गडद सलवार-कुडता, तोंडाला दुपट्टा, पायात चप्पल. मंत्र्यांपुढे जायची साडी बॅगेत. मला आवड सुतीची, आणि बॅगेत सगळ्यात जास्त हाल तिचेच. त्यावर उपाय असा: साडीची लांब घडी घालायची, आत जुन्या वर्तमानपत्राचा एक ताव ठेवायचा, परकराची सैल वळकटी करून तिच्याभोवती ती गुंडाळायची. ताव असला की मोड धारदार पडत नाही. सेफ्टी पिना बॅगेच्या पट्ट्यालाच टोचून ठेवते, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.

सोबतच्या माडिया बायांकडे एकेक थैली. त्यात एक लुगडं, चादर, चिवडा. माझी बॅग पाहून एकीने विचारलंच, "महिनाभर राहाचा आहे का ताई?" चादरीच्या बाबतीत शहाण्या त्याच. अधिवेशनात आमदार निवासातल्या एकेका खोलीत मतदारसंघातली किती माणसं झोपतात याला हिशेब नसतो, आणि डिसेंबरातली नागपूरची फरशी बर्फासारखी. स्वेटर बॅगेत सगळ्यात वर हवा. दुपारी तोच कमरेला बांधून हिंडायचं.

साडी पहाटेच नेसून घ्यावी, नंतर न्हाणीघरापुढे रांग लागते. विधानभवनाकडे निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडतो. तिथून पुढे शिष्टमंडळाचे चार-पाच जण जातात. ओळखपत्र आणि मूळ कागद त्यांच्या हातात, बॅगा मागे राहिलेल्यांच्या मांडीवर. बोलायला मिळतात जेमतेम पाच मिनिटं, त्यामुळे नळकांड्यातली चिंधी आधीच काढून ठेवावी. निघताना आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्क्यातली तारीख वाचता येते का, हे टेबलापुढे उभं राहूनच बघायचं. पुसट असेल तर लगेच दुसरा मारून मागायचा. बाबू वैतागतात. वैतागू द्यावं.