गुणांचा भाव आणि शिकण्याची गोडी

माझी पुतणी मानसशास्त्रात एम.ए. झाली असून सध्या शालेय समुपदेशक होण्याचे शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली असताना तिने सहज विचारले, "काका, बँकेत इतकी वर्षे तुम्ही कर्जे मंजूर केलीत. समोरचा माणूस परतफेड करील की नाही, हे कसे ओळखत होता?"

मी म्हणालो, "तारण तर पाहावेच लागे. पण त्या माणसाला धंद्याची माहिती आणि आवड आहे का, हे मी अधिक पाहत असे. नुसत्या तारणावर भिस्त ठेवून दिलेली कर्जेच पुढे थकली."

ती म्हणाली, "मुलांच्या अभ्यासाचेही तसेच आहे. बक्षीस आणि धाक म्हणजे तारण. त्यांच्या जोरावर अभ्यास करून घेता येतो, पण तो टिकतोच असे नाही."

मग तिने मला एक प्रयोग सांगितला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला होता. स्केचपेनने चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, "चित्र काढाल तर प्रमाणपत्र मिळेल." काहींना चित्र काढून झाल्यावर ते अनपेक्षितपणे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रे काढणारी मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांत रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. बक्षिसाचा करार झाला आणि आवडीचे रूपांतर मजुरीत झाले.

हे ऐकून मी काही वेळ गप्प राहिलो. तीस वर्षांपूर्वी मीही असाच एक करार केला होता.

माझा मुलगा तिसरी-चौथीत असताना 'किशोर' मासिकाचा अंक आला की जेवायलाही उठत नसे. त्याने आणखी वाचावे या हेतूने मी जाहीर केले, "एक पुस्तक वाचून झाले की पाच रुपये." महिनाभर पुस्तकांचा फडशा पडला. पुढे माझ्या लक्षात आले की तो ग्रंथालयातून सर्वांत पातळ पुस्तके निवडून आणतो. तेव्हा मला कौतुकच वाटले. मुलगा हिशेबी आहे, पेढीचे नाव राखील, असे मी घरात बोलूनही दाखविले. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, मी परगावी एकटा राहू लागलो आणि पाच रुपयांची ती योजना बंद पडली. त्याचबरोबर त्याचे वाचनही बंद पडले. आज तो उत्तम व्यवसाय करतो, परंतु हातात पुस्तक घेत नाही. दोष सर्वस्वी पाच रुपयांचा होता असे मी म्हणणार नाही. तरीही त्या नोंदीखाली माझी सही आहे.

बक्षीस नेहमीच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ साली अशा १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या कामाची मुळात गोडी आहे, तेथे ठरवून दिलेले बक्षीस ती गोडी कमी करते, असे त्यांना आढळले. जे काम मुळातच कंटाळवाणे आहे, तेथे गमावण्यासारखी गोडीच नसल्याने असा तोटा दिसत नाही. मनापासून दिलेली शाबासकी तर बहुधा उपकारकच ठरते.

डेसी आणि रायन यांच्या मते माणसाची आंतरिक प्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते : आपल्या मनाने काही ठरविण्याची मोकळीक, 'मला हे जमते' ही जाणीव आणि आपुलकीचे नाते. ही सूत्रे पुतणीने मला एका उदाहरणाने उलगडून दाखविली. ती सराव करीत असलेल्या शाळेत नववीतील एक मुलगा बीजगणितात सतत नापास होत होता. मुलाचे नाव किंवा शाळा तिने सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. गुप्तता हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. शिक्षक म्हणत, मुलगा आळशी आहे. वडील म्हणत, शिकून करायचे काय, शेवटी दुकानातच बसायचे आहे.

समुपदेशनाच्या पहिल्या तासात तिने अभ्यासाचा विषयच काढला नाही. "दुकानात तुला काय आवडते?" एवढेच विचारले. मुलगा खुलला. दहा टक्के सूट देऊनही वस्तू परवडते की नाही, हे तो तोंडी सांगत होता. तेथे गल्ला त्याच्या ताब्यात होता, हिशेब बरोबर आला की लगेच कळत होते आणि गिऱ्हाईक त्याला नावाने हाक मारीत होते. तिन्ही गरजा दुकानात भागत होत्या. वर्गात मात्र त्याच्या वाट्याला लाल शाईची वही तेवढी येत होती. मुलगा आळशी नव्हता, तो जेथे मान होता तेथे मेहनत करीत होता. पुढच्या तासांत तिने बीजगणिताचे समीकरण खरेदी-विक्रीच्या भाषेत मांडले : विक्रीची किंमत ठाऊक आहे, नफा ठाऊक आहे, मग खरेदीची किंमत किती? 'क्ष' म्हणजे ती न सापडलेली खरेदी. कोणती पाच गणिते सोडवायची, हे त्याचे त्यानेच ठरवायचे. तो अजून वर्गात पहिला आलेला नाही, पण वही कोरी ठेवणे त्याने थांबविले आहे.

प्रेरणेइतकेच महत्त्व अभ्यासाच्या पद्धतीला आहे. मनापासून अभ्यास करूनही गुण मिळाले नाहीत, तर चांगले मूलही खचते. बहुतेक मुले धडा पुनःपुन्हा वाचतात. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या दोन पद्धतींची तुलना केली. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणारे पुढे गेले. व्यापारी माणसाला हे पटायला हरकत नसावी. गोदामाकडे रोज नुसते पाहून मालाचा साठा समजत नाही, तो मोजावा लागतो. एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत विभागावेत, हेही संशोधनाने वारंवार दाखविले आहे.

कौतुकाच्या शब्दांविषयीही सावध असावे. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. "तू हुशार आहेस" अशी स्तुती झालेल्या मुलांनी पुढे सोपी कोडी पसंत केली आणि एका अपयशानंतर ती लवकर खचली. "तू मेहनत घेतलीस" असे ऐकलेली मुले अवघड कोड्यांना भिडली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचा परिणाम माफक आढळला आहे, तेव्हा एका वाक्याने चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवू नये. परंतु घरात चार पाहुण्यांसमोर "आमचा हुशार, धाकट्याचे मात्र काही खरे नाही" असे म्हणणे आपण आजपासून थांबवू शकतो.

भावी समुपदेशकाला आपली मर्यादाही ओळखता आली पाहिजे. प्रत्येक अडचण प्रेरणेची नसते. डोळ्यांचा नंबर, कमी ऐकू येणे किंवा वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता यांवर उपदेश हा उपाय नाही, तेथे तपासणी हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. व्यापारी घरांत "लोक काय म्हणतील" या भीतीने ही तपासणी टाळली जाते आणि मुलाची वर्षे वाया जातात. मूल जिवाचे बरे-वाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर मात्र गुप्ततेचा नियम बाजूला ठेवून पालकांना आणि डॉक्टरांना त्वरित सांगावेच लागते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आपल्या घरांतील मुली-मुलगे सनदी लेखापाल होतात, डॉक्टर होतात. त्यांच्यापैकी कोणी समुपदेशक होऊ इच्छीत असेल, तर "यात मिळकत किती?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो पहिला असू नये. आणि शाळेने समुपदेशकाकडे जायला सांगितले, तर तो मुलावरचा ठपका समजू नये.

मे महिन्यात माझा आठ वर्षांचा नातू सुट्टीला आला होता. एका दुपारी तो गोष्टीचे पुस्तक घेऊन धावत आला आणि म्हणाला, "आजोबा, वाचून झाले!" जुन्या सवयीने माझा हात खिशाकडे गेला. तो मी तसाच मागे घेतला, त्याला शेजारी बसविले आणि विचारले, "मग, शेवटी काय झाले?" त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. पलीकडे हिशेबाच्या वह्या पाहत बसलेल्या माझ्या मुलाने थोड्या वेळाने वही मिटली आणि तोही ऐकू लागला.