बदलत्या वार्षिकीतून मुदतपूर्व काढलेल्या रकमेवरील कर (अमेरिका)

व्हेरिएबल अ‍ॅन्युइटी अर्थात बदलती वार्षिकी हा अमेरिकेतील विमा कंपन्या विकत असलेला निवृत्तिनियोजनाचा करार होय. ग्राहकाने भरलेला पैसा समभाग, रोखे इत्यादींच्या उपखात्यांत गुंतवला जातो व बाजाराबरोबर त्याचे मूल्य कमी-अधिक होते. ‘वार्षिकी’ या शब्दावरून दरवर्षी ठरावीक रक्कम हाती येत असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती नियमित प्राप्ती पुढे केव्हातरी सुरू करावयाची असते. त्यापूर्वीच पैसे काढल्यास होणारी करआकारणी हा या लेखाचा विषय आहे.

या आकारणीचे नियम अमेरिकी करसंहितेच्या कलम ७२ मध्ये आहेत. पैसा करारात असेपर्यंत त्यावरील वाढीला कर लागत नाही. तो काढतेवेळी लागतो. म्हणून काढलेल्या रकमेत मुद्दल किती व वाढ किती, हाच कळीचा प्रश्न ठरतो.

== आधी वाढ, मग मुद्दल ==

पूर्वी काढलेली रक्कम प्रथम मुद्दलाची मानली जाई. त्यामुळे करमुक्त वाढ तशीच ठेवून गरजेपुरते मुद्दल काढून घेण्याची सोय होती. १९८२ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. १३ ऑगस्ट १९८२ नंतर भरलेल्या रकमांच्या बाबतीत प्रथम वाढ बाहेर पडते असे धरले जाते. त्यापूर्वी भरलेल्या रकमांना जुना नियम आजही लागू आहे.

समजा, एखाद्याने कर भरून उरलेल्या उत्पन्नातून १,००,००० डॉलर भरले आणि त्यांचे मूल्य १,४०,००० झाले. त्याने ३०,००० डॉलर काढले, तर आपण स्वतःचेच पैसे परत घेत आहोत असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती सर्व रक्कम वाढीची, म्हणून पूर्णतः करपात्र. ५०,००० काढल्यास ४०,००० करपात्र व उरलेले १०,००० मुद्दल ठरेल.

ही वाढ समभागांतून झालेली असली तरी तिला दीर्घकालीन भांडवली नफ्याचा सवलतीचा दर मिळत नाही. वेतनाप्रमाणे सामान्य उत्पन्नाचाच दर लागतो.

== दहा टक्के अतिरिक्त कर ==

करारधारकाचे वय साडेएकोणसाठ वर्षांहून कमी असल्यास करपात्र भागावर आणखी १० टक्के कर द्यावा लागतो. १९८२ मध्ये हा दर ५ टक्के होता. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने तो दुप्पट केला. वरील उदाहरणातील व्यक्ती ५५ वर्षांची व २२ टक्के कराच्या टप्प्यात असेल, तर ३०,००० डॉलरवर ६,६०० अधिक ३,००० असा ९,६०० डॉलर संघीय कर होईल. करारधारकाचा मृत्यू, कायदेशीर व्याख्येत बसणारे अपंगत्व, आयुर्मानावर बेतलेले समान हप्ते अशा काही प्रसंगी हा जादा कर माफ असतो. वाढीवरील मूळ कर मात्र सुटत नाही.

येथे एक गल्लत वारंवार होते. मुदतीआधी पैसे काढल्याबद्दल विमा कंपनीही पहिली काही वर्षे स्वतःचे समर्पण शुल्क घेते. अनेक करारांत दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत रक्कम या शुल्काविना काढता येते. ही मुभा कंपनीची आहे, कर खात्याची नव्हे. दोन्हीकडे आकडा दहाचाच असल्याने गोंधळ अधिकच वाढतो.

== इतर तरतुदी ==

करार तारण ठेवून कर्ज घेतल्यास तेवढी रक्कम काढली असेच मानले जाते. एकाच कंपनीकडून एकाच कॅलेंडर वर्षात घेतलेले अनेक करार करासाठी एकच धरले जातात. त्यामुळे पैसा लहान करारांत विभागून कर टाळता येत नाही. कलम १०३५ अन्वये एका वार्षिकीतून दुसरीत थेट बदल केल्यास त्या वेळी कर लागत नाही. मात्र करार करपूर्व उत्पन्नातून, निवृत्तिखात्यामार्फत घेतलेला असेल, तर मुद्दल व वाढ हा भेदच उरत नाही आणि काढलेली संपूर्ण रक्कम करपात्र ठरते.