नांगर जेथे वळसा घेतो

डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व भागात, क्नेबेल गावाजवळच्या शेतजमिनीत, २३ मोठ्या शिळांचे एक वर्तुळ उभे आहे. वर्तुळाच्या मध्यभागी काही उभ्या शिळांवर एक अवजड शिळा छताप्रमाणे ठेवलेली आहे. ‘पोस्केर स्टेनहुस’ या नावाचे हे दफनस्थळ सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे, नवाश्मयुगातील आहे. अशा शिलागृहांना ‘डॉल्मेन’ म्हणतात.

त्या देशातील आरंभीच्या शेतकरी समाजाने ही शिलागृहे बांधली. हिमयुगातील हिमनद्यांनी वाहून आणलेल्या शिळा त्यांच्या शेतांतच विखुरलेल्या होत्या. पोस्केरच्या छताची शिळा ११ टनांहून अधिक वजनाची आहे. ती मुळात एका मोठ्या शिळेचा अर्धा भाग असून उरलेला अर्धा भाग सुमारे दोन किलोमीटरवरील अग्री गावाजवळच्या डॉल्मेनवर आहे. एवढे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. त्यासाठी अनेकांचे श्रम आणि परस्परांवरील विश्वास लागला असणार.

पुढे शतकानुशतके लोकांना या शिळांत केवळ बांधकामाचा फुकट माल दिसला. रस्ते, कुंपणे आणि इमारती यांसाठी असंख्य शिलागृहे फोडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पोस्केरच्या शिळाही फोडण्यास प्रारंभ झाला होता. सुदैवाने तो वेळीच थांबवण्यात आला. १८०७ मध्ये प्राचीन अवशेषांच्या रक्षणासाठी राजकीय आयोग नेमला गेला होता. राजा सातवा फ्रेडरिक याने तर ही शिलागृहे कशी बांधली असावीत, याविषयी १८५७ मध्ये स्वतः पुस्तिका लिहिली. अखेर १९३७ च्या कायद्याने दृश्य स्वरूपातील सर्व प्राचीन स्मारकांना संरक्षण मिळाले.

हजारोंच्या संख्येने बांधलेल्या या शिलागृहांपैकी आज सुमारे २,४०० शिल्लक आहेत. अनेक स्मारके आजही खासगी शेतांत आहेत. मात्र त्यांच्या पायथ्यापासून दोन मीटरपर्यंत नांगरणी करता येत नाही. पेरणीच्या दिवसांत यंत्र तेथे वळसा घेऊन पुढे जाते.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर ती जमीन पीक देत नाही. वारसाकडे जमीन आली की तिच्यासोबत हे बंधनही येते. मालकी एका कुटुंबाची, पण ठेवा सर्वांचा, ही समजूत कायद्याइतकीच समाजाच्या सवयीत रुजावी लागते. ज्यांची नावेही उरली नाहीत, त्या माणसांसाठी शेताचा एक तुकडा पिढ्यानपिढ्या मोकळा राखला जातो.