तिघींची हजेरी

सभेला गणसंख्या ठरवून दिलेली असते. तितके सभासद हजर नसतील, तर अध्यक्ष आणि विषयपत्रिका दोन्ही असूनही सभा भरत नाहीं. आकाशाचा वेध घेणाऱ्या यंत्रांनाही हाच नियम लागू पडतो.

गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळा अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें आहेत. इटलींत पिसाजवळची व्हर्गो ही तिसरी. लहर खरी अशी खात्री पटण्यास दोघींची साक्ष पुरते. ती कोठून आली हें नीट सांगण्यास मात्र तिघी लागतात. कारण लहर प्रत्येकीपाशीं केव्हां पोंचली, यांतील अत्यल्प अंतरावरूनच मुख्यतः दिशा काढावी लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली तेव्हां तिघी जाग्या होत्या. शोधाचें क्षेत्र सुमारें २८ चौरस अंशांवर आलें आणि दुर्बिणींना कांहीं तासांतच त्या टकरीचा प्रकाश सांपडला. २५ एप्रिल २०१९ रोजीं तशीच दुसरी लहर आली. पण हॅनफर्ड त्या वेळीं बंद होती. क्षेत्र आठ हजारांहून अधिक चौरस अंश, म्हणजे आकाशाचा जवळजवळ पांचवा हिस्सा! तो प्रकाश कोणालाही सांपडला नाहीं.

वारा, भूकंप, दुरुस्ती अशा कारणांनीं हीं यंत्रें वारंवार बंद पडतात. प्रत्येक यंत्र दहांपैकीं सात तास जागें असतें असें धरलें, तर तिन्ही एकाच वेळीं जागीं असण्याचा संभव शेंकडा ३४ इतकाच येतो. त्याच तोलाचें चौथें यंत्र मिळालें, तर चारांपैकीं कोणतींही निदान तीन जागीं असण्याचा संभव एकदम शेंकडा ६५ होतो. जुन्या यंत्रांत कांहींएक सुधारणा न होतां हें घडतें. जपानांत कागरा आहे खरी, पण तिची संवेदना पुष्कळच कमी. म्हणूनच शिरड शहापूर ज्या तालुक्यांत आहे, त्या औंढा नागनाथ तालुक्यांतील जागेला महत्त्व आलें. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

एकच हिशेब अनेक संगणकांवर ठेवणारेही असेंच गणित मांडतात. तेथें अर्ध्याहून अधिक संगणकांची संमति लागते; कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक संगणक सामाईक असतोच, आणि मागची नोंद त्याच्यापाशीं शिल्लक राहते.

मात्र एकाच्या झोंपेचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं, असें या गणितांत गृहीत धरलेलें आहे. मोठ्या भूकंपाचे हादरे पृथ्वीभर पसरतात; ते चौघींनाही थोड्याच वेळांत झोंपवूं शकतात.